रसिकतेची कसोटी मैफलीनंतर

जामनेरसारख्या तालुक्याच्या गावी एखाद्या नामवंत गवयाची मैफल ठरली, की आठ दिवस आधीपासून गावाचा रंग बदलतो. एरवी कापसाचा भाव आणि पावसाचा नेम यांवर बोलणारी माणसे राग-रागिण्यांवर बोलू लागतात. पाहुणे कोणाकडे उतरणार, हार कोण घालणार, पहिल्या रांगेत कोण बसणार, यांवर खलबते होतात. प्रत्यक्ष मैफलीच्या रात्री मात्र सारे गाव एकचित्त होते. षड्‌ज लागतो, खोकलासुद्धा दाबून धरला जातो आणि भैरवीच्या शेवटच्या स्वरापर्यंत सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता नांदते. तालुक्याच्या गावाने अभिमान बाळगावा, असेच ते दृश्य असते.

त्यानंतरच्या दहा मिनिटांत ते पार विस्कटते. टाळ्या विरतात न विरतात तोच व्यासपीठावर झुंबड उडते. कोणी पायांवर डोके ठेवतो, कोणी ओळखपाळख नसता खांद्यावर हात टाकतो, कोणी मोबाइल पुढे करून मान वळविण्याचा हुकूम सोडतो. तंबोऱ्याला पाय लागतो, तबल्याची गादी तुडवली जाते. तीन तास गाऊन घामाने भिजलेल्या माणसाला घोटभर कोमट पाणी हवे असते. ते आणणाऱ्याला वाट मिळत नाही. आणि या साऱ्या गर्दीच्या मागे, भिंतीला टेकून, गाण्याच्या वर्गाला जाणारी एखादी मुलगी हातात वही घेऊन उभी असते. तिला एकच प्रश्न विचारायचा असतो. तिची पाळी येतच नाही. पाहुण्यांची मोटार निघून जाते आणि वही तशीच कोरी घरी परतते.

असे प्रसंग एका जामनेरलाच घडतात असे नव्हे. महाराष्ट्रातील कोणत्याही लहानमोठ्या गावी ते थोड्याफार फरकाने घडतात. या गर्दीतील कोणाच्याही मनात वाईट हेतू नसतो, हेही मान्य केले पाहिजे. त्यांना गाणे आवडलेले असते, आणि ते आवडले हे सांगण्याची घाई झालेली असते. परंतु प्रेमालाही रीत लागते. रीत सुटलेले प्रेम ज्याच्यावर करावे त्यालाच जाचक होते, हा संसारातला अनुभव कलेच्या प्रांतातही खोटा ठरत नाही.

चेंबूरचा प्रसंग

हा जाच केवळ मानसिक असतो, असे समजण्याचेही आता कारण उरलेले नाही. २० फेब्रुवारी २०२३ रोजी मुंबईत चेंबूर येथे प्रसिद्ध पार्श्वगायक सोनू निगम यांचा कार्यक्रम झाला. कार्यक्रम संपवून ते व्यासपीठावरून उतरत असता सेल्फीच्या आग्रहातून धक्काबुक्की झाली आणि त्यांच्यासोबतचे एक सहकारी पायऱ्यांवरून खाली पडून जखमी झाले. त्यांना रुग्णालयात न्यावे लागले आणि प्रकरण पोलिसांत गेले. एका छायाचित्राच्या हौसेपायी हे घडले. महानगरातील, बंदोबस्त असलेल्या कार्यक्रमात असे होऊ शकते. मग जेथे बंदोबस्त म्हणजे मंडळाचे चार स्वयंसेवक आणि एक दोरखंड, तेथे काय होईल याचा विचार आयोजकांनी वेळीच करावयास हवा.

या घटनेकडे केवळ एका उद्दाम व्यक्तीचा अपराध म्हणून पाहणे सोपे आहे. त्या आग्रहाच्या मुळाशी जी समजूत आहे ती मात्र पुष्कळांच्या मनात घर करून बसली आहे. तिकीट काढले, वर्गणी दिली, हार आणला; आता कलावंतावर आपला हक्क झाला, अशी ती समजूत होय. तिची पाळेमुळे फार जुनी आहेत. मैफलीत सर्रास वापरला जाणारा ‘फर्माईश’ हा शब्दच पाहावा. तो फारसीतून आला आणि त्याचा मूळ अर्थ आज्ञा असा आहे. ‘फर्मान’ हा त्याचाच भाऊबंद. एके काळी गवई दरबारचे चाकर होते. महाराजांनी फर्मावावे आणि गवयाने गावे, अशी व्यवस्था होती. दरबार गेले, संस्थाने विलीन झाली, आणि एका धन्याच्या जागी सहस्र श्रोते आले. कलावंत चाकरीतून मुक्त झाला खरा, पण श्रोत्याने मात्र रसिकतेबरोबरच संस्थानिकाची ऐटही वारशाने उचलली. तिकिटाने मैफलीतली जागा मिळते, गाणे मिळते. गाणाऱ्याचा देह, त्याची झोप, त्याचा खांदा आणि त्याचे हसू यांची किंमत त्या तिकिटात धरलेली नसते.

जळगावचा नारायण

कलावंत आणि त्याच्या चाहत्यांचे नाते कसे असावे, याचा विचार खान्देशात करताना एक नाव टाळता येत नाही. नारायण श्रीपाद राजहंस ऊर्फ बालगंधर्व यांच्या बालपणाचा काही काळ जळगावात गेला आणि संगीताचे पहिले धडे त्यांनी तेथेच मेहबूबखाँ यांच्याकडे घेतले. लोकमान्य टिळकांनी या मुलाचे गाणे ऐकून त्याला ‘बालगंधर्व’ म्हटले, असे परंपरेने सांगितले जाते. १९०५ साली ते किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले आणि पुढे मराठी माणसाने या नटावर जे प्रेम केले त्याला तोड नाही. त्यांच्या लुगड्याची चापचोपण आणि दागिन्यांची घडण पाहून घरोघरच्या स्त्रियांनी आपली वेशभूषा बेतली. पदामागून पदाला ‘वन्स मोअर’ पडत आणि नाटक संपता संपता उजाडू लागे.

याच ‘वन्स मोअर’च्या जल्लोषामागे एक दिवस असा आहे, की त्याचे स्मरण प्रत्येक चाहत्याने ठेवावे. १२ मार्च १९११ रोजी मुंबईत ‘संगीत मानापमान’चा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी बालगंधर्वांची तान्ही मुलगी वारली. प्रयोग पुढे ढकलावा, असे सहकाऱ्यांना वाटणे स्वाभाविक होते. जमलेल्या प्रेक्षकांचा विरस होऊ नये म्हणून बालगंधर्वांनी तो होऊ दिला आणि भामिनीचे सोंग घेऊन ते रंगभूमीवर उभे राहिले. प्रेक्षकांना ते मायबाप मानीत. त्या मानण्याची किंमत त्यांनी त्या दिवशी चुकती केली.

या हकिकतीचा उल्लेख सहसा कलावंताच्या निष्ठेचा दाखला म्हणून होतो, आणि तो योग्यच आहे. पण तिच्यात श्रोत्यासाठीही एक बोध दडलेला आहे. दिव्यांच्या झगमगाटात उभा असलेला माणूस त्या क्षणी काय सोसून उभा आहे, हे समोरच्याला कधीच ठाऊक नसते. गाणे संपल्यावर जो गायक बोलत नाही, हसत नाही, हात जोडून मुकाट्याने मोटारीकडे जातो, त्याला ‘शिष्ट’ ठरवायला गावाला क्षणाचा वेळ लागत नाही. घरी आजारी माणूस असेल, अंगात ताप असेल, पहाटेची गाडी गाठायची असेल, किंवा नुकत्याच गायिलेल्या रागातून मन अद्याप बाहेर आले नसेल. दुसऱ्या दिवशी चौकात जो निकाल लागतो, त्यात यांपैकी कशाचीच दखल नसते.

पाहुणचाराचे शास्त्र

खरे पाहता, कलावंताशी कसे वागावे हे खान्देशाने बाहेरून शिकण्याची गरज नाही. आल्यागेल्याचे करण्यात हा मुलूख कधी मागे पडलेला नाही. घरी आलेल्या पाहुण्याला आधी पाणी द्यावे, त्याला टेकू द्यावे, मग विचारपूस करावी. तो थकला असेल तर दिवा मालवून त्याला झोपू द्यावे. हे येथील कोणत्याही गृहिणीला सांगावे लागत नाही. तीच माणसे सभागृहात जमली, की हे शास्त्र विसरतात. कारण तेथे आलेला मनुष्य त्यांना पाहुणा वाटत नाही, तो त्यांना देखावा वाटतो.

या बदलाला प्रवासाच्या बदललेल्या गतीनेही हातभार लावला आहे. पाचोरा ते जामनेर ही सुमारे ५६ किलोमीटरची अरुंद मापाची गाडी, जिला सारा तालुका ‘पी. जे.’ म्हणून ओळखे, शंभर वर्षे शेंदुर्णी, पहूर करीत संथपणे धावली; २०२० साली ती बंद पडली. गाडीच्या वेळेला बांधलेला पाहुणा ओघानेच गावी मुक्काम करी. ओसरीवर बैठक बसे, ज्याला जे विचारायचे ते तो सवडीने विचारी. आज कलावंत मोटारीने संध्याकाळी येतो आणि रात्रीच निघून जातो. जे पूर्वी दोन दिवसांत निवांत घडे, ते सगळे आता व्यासपीठाच्या पायरीवर दहा मिनिटांत उरकायचे असते. झुंबड उडते ती यामुळेही. गावकऱ्यांचा उतावळेपणा पूर्णपणे त्यांच्या स्वभावात शोधणे, हा त्यांच्यावर अन्याय होईल.

तथापि पाहुणचाराच्या नावाखाली होणारी बळजबरीही ध्यानात घेतली पाहिजे. वांग्याचे भरीत, कळण्याची भाकरी आणि तर्रीदार शेवभाजी हे खान्देशाचे वैभव होय. ते पाहुण्याला खिलवावे असे कोणाला वाटणार नाही? पण गायला बसण्यापूर्वी तिखट आणि तेलकट खाण्याने गळ्याचे काय होते, हे गाणारा जाणतो. ‘आमच्याकडे येऊन एवढेसे?’ हा प्रश्न प्रेमाचा असला, तरी मैफलीपूर्वी तो विचारू नये. यजमानाने काय हवे ते आधी विचारून घ्यावे आणि सांगितले तेवढेच पुढे करावे. जेवू घालण्याचा आनंद मैफलीनंतर किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी खुशाल घ्यावा.

कलावतीचा मान

हा प्रश्न स्त्री कलावंतांच्या बाबतीत अधिक नाजूक आहे. गानसरस्वती किशोरी आमोणकर यांचा करारीपणा महाराष्ट्रात सर्वश्रुत होता. श्रोत्यांत कुजबुज झाली तर त्या गाणे थांबवीत. मैफलीपूर्वी रंगपटात त्यांना कोणी व्यत्यय आणलेला खपत नसे. अनेकांनी याला लहरीपणा म्हटले. परंतु मातोश्री मोगूबाई कुर्डीकर यांच्यासोबत लहानपणी केलेल्या दौऱ्यांत गाणाऱ्या स्त्रीला मिळणारी दुय्यम वागणूक किशोरीताईंनी डोळ्यांनी पाहिली होती आणि त्या आठवणी त्यांनी पुढे मुलाखतींतून बोलूनही दाखविल्या. मोगूबाईंच्या पिढीने तो कमीपणा सोसला. कन्येने तो सोसण्याचे नाकारले. ज्याला श्रोते लहर म्हणत होते, तो एका पिढीच्या अपमानाचा हिशेब होता.

आज कलावतीला तिसऱ्या वर्गाने प्रवास करावा लागत नाही. तरीही तिच्या शेजारी उभे राहून छायाचित्र काढून घेताना खांद्यावर पडणारा हात, वयाची आणि संसाराची चौकशी, रात्री उशिरा उतरण्याच्या ठिकाणी ‘फक्त दोन मिनिटे’ म्हणून वाजविलेली कडी, हे प्रकार संपलेले नाहीत. कलावतीने स्वतः तक्रार करावी, याची वाट आयोजकांनी पाहू नये. आपल्या घरच्या लेकीसुनेशी परक्याने जसे वागलेले चालणार नाही, तसे येथे कोणाला वागू देऊ नये. एवढी साधी कसोटी पुरेशी आहे.

खान्देशाला तर या बाबतीत विशेष जबाबदारी आहे. धुळे जिल्ह्यातील, तापीकाठचे थाळनेर हे लता मंगेशकर यांचे आजोळ. ज्या मुलखाने असे नाते सांगावे, त्या मुलखात गाणाऱ्या प्रत्येक मुलीला माहेरचा निर्धास्तपणा वाटला पाहिजे. नाते सांगण्याबरोबर जी जबाबदारी येते ती हीच. ‘त्या आमच्याच’ असे म्हणून कोणाच्याही वेळेवर दावा सांगण्याचा अधिकार मात्र त्या नात्यातून निघत नाही.

दुसरी बाजू

अर्थात या व्यवहाराला दुसरी बाजू आहे आणि ती झाकून ठेवणे योग्य होणार नाही. ठरलेल्या वेळेपेक्षा दोन-दोन तास उशिरा येणारे, लहान गाव म्हणून थोडक्यात आटोपते घेणारे, स्वाक्षरीची वही पुढे करणाऱ्या मुलाला झिडकारणारे कलावंतही आहेत. श्रोत्याने त्यांचा उद्दामपणा मुकाट्याने सोसावा, असा कोणाचाही आग्रह नाही. श्रोत्याचा हक्क गाण्यावर आहे. ते वेळेवर, मन लावून, श्रोत्यांचा मान राखून झाले पाहिजे, अशी अपेक्षा तो अवश्य करू शकतो. ती पुरी झाली नाही, तर आयोजकांकडे तक्रार करावी, पुढच्या वेळी जाऊ नये. श्रोत्याला भक्त व्हायला सांगितले, की तो एके दिवशी मूर्तिभंजकही होतो. त्याने भक्त होऊ नये आणि धनीही होऊ नये. त्याने जाणता यजमान व्हावे.

जाणत्या यजमानाची रीत काही अवघड नाही. मैफलीपूर्वी रंगपटात जाऊ नये. तंबोरे जुळविण्याची ती वेळ असते. फर्माईश करायचीच झाली, तर ती चिठ्ठीने, आयोजकांमार्फत, एकदाच करावी आणि पुरी झाली नाही तर मनाला लावून घेऊ नये. संमतीवाचून ध्वनिमुद्रण करून ते जगभर पाठवू नये. प्रयोग सादर करणाऱ्याचे हक्क १९९४ च्या दुरुस्तीने भारतीय कॉपीराइट कायद्यातही मान्य झालेले आहेत. भेटीची संधी मिळाली, तर हात जोडून नमस्कार पुरे. पायांवर डोके ठेवण्याने वाट अडते आणि वयस्क कलावंताचा तोलही जातो. स्तुती मोघम करू नये. ‘फार छान’ हे शब्द कलावंताने हजारदा ऐकलेले असतात. ‘तुमच्या विलंबितातली अमुक जागा मनात राहिली’ एवढे एक वाक्य तो घरी घेऊन जातो. त्याच्या गुरूशी वा प्रतिस्पर्ध्याशी तुलना करू नये. आपल्या मुलाला पुढे ढकलून ‘दोन मिनिटे ऐकाच’ म्हणू नये. छायाचित्र हवे असेल तर आधी विचारावे, आणि नकार आला तर हसून मागे व्हावे. तबलजी, पेटीवाला आणि मागे बसून तंबोरा छेडणारा शिष्य यांनाही नमस्कार करावा; त्यांच्याविना मैफल उभी राहत नाही. आणि बिदागी ठरल्याप्रमाणे, ठरल्या वेळी, पाकीट हातात ठेवून किंवा खात्यात भरून पुरी करावी. हारतुऱ्यांनी गुदमरविलेल्या कलावंताला बिदागीसाठी ताटकळत ठेवणे, याइतकी अरसिकता दुसरी नाही.

मागे राहिलेली वही

हे सारे केवळ शिष्टाचाराचे प्रकरण असते, तर त्यावर एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. परंतु त्यात एक मोठी गोष्ट पणाला लागलेली आहे. भारतीय संगीत अद्यापही माणसाकडून माणसाकडे जाते. १९३३ साली गदगचा अकरा वर्षांचा भीमसेन जोशी गाण्याच्या ध्यासाने घर सोडून निघाला. गुरूच्या शोधात उत्तर हिंदुस्थान भटकला. अखेर १९३६ च्या सुमारास सवाई गंधर्वांच्या पायाशी कुंदगोळला पोहोचला आणि गुरुगृही पाणी भरून शिकला. त्या मुलाला कलावंताच्या जवळ जाण्याची वाट सापडली म्हणून पुढच्या पिढ्यांना ते गाणे मिळाले. जळगावच्या नारायणालाही बालपणी शिकविणारा कोणी भेटला म्हणूनच बालगंधर्व घडले.

आजच्या गर्दीत ही वाट बंद होते. व्यासपीठावर पुढे घुसतात ते बळाचे, ओळखीचे आणि पदाचे लोक. त्यांतील बहुतेकांना गाण्यातले काही विचारायचे नसते, त्यांना केवळ तेथे असल्याचा पुरावा हवा असतो. ज्याला खरोखर विचारायचे आहे तो संकोची असतो आणि संकोची असल्यामुळेच मागे राहतो. झुंबडीने कलावंताला त्रास होतो हे खरे. पण सर्वांत मोठे नुकसान होते ते त्या मागे उभ्या राहिलेल्या मुलीचे, आणि पर्यायाने गावाचे.

उपाय गावाच्या हाती आहे आणि त्याला पैसाही फारसा लागत नाही. जळगावात बालगंधर्वांच्या नावाने दरवर्षी संगीत महोत्सव भरतो. जिल्ह्यात संगीताचे वर्ग चालविणारे शिक्षक आहेत. कार्यक्रम ठरवितानाच कलावंताशी बोलून अर्धा तास वेगळा मागून घ्यावा. मैफलीपूर्वी दुपारी किंवा मुक्काम असल्यास दुसऱ्या दिवशी सकाळी. त्या अर्ध्या तासात शिकणारी वीस-पंचवीस मुले बसावीत, मोबाइल बाहेर ठेवावेत आणि पुढारी व देणगीदार यांनी दाराशी थांबावे. मैफल संपल्यावर मात्र कोणीही व्यासपीठावर चढू नये. आयोजकांच्या वतीने एकाने हार घालावा आणि सर्वांनी जागेवर उभे राहून निरोप द्यावा. पाच हजारांच्या शहराने नव्हे, पन्नास घरांच्या वस्तीनेही हे करून दाखविता येईल.

ज्या गावी कलावंताला नीट विश्रांती मिळाली, शांतपणे ऐकले गेले आणि एका लहान मुलीने आपल्या वहीतला प्रश्न विचारला, ते गाव तो विसरत नाही. पुन्हा बोलावणे गेले, की तो बिदागीची घासाघीस न करता येतो. जामनेरला पुढची मैफल ठरेल तेव्हा हार कोण घालणार, याआधी त्या मुलीची पाळी केव्हा, याचा निर्णय व्हावा.